दिसायला एकसारखी माणसे कुत्र्याला वेगळी कशी कळतात?

जुईवेल

माझे यजमान आणि माझे दीर हे जुळे भाऊ आहेत, आणि ते इतके सारखे दिसतात की लग्नानंतर बराच काळ मी पाठमोऱ्या माणसाला हाक मारण्याआधी क्षणभर थांबत असे. दीर नाशिकला असतात आणि सणावारी आमच्याकडे येतात. आमचा गुंड्या हा गावठी कुत्रा पिल्लू असल्यापासून यजमानांच्या पायाशी वाढलेला आहे.

दीर फाटकापाशी आले की गुंड्या ओसरीवरून उठतो आणि यजमानांकडे धावतो तसाच अंग वळवत, शेपूट हलवत सुटतो. फाटक चार-पाच हातांवर आले की मात्र त्याची चाल एकाएकी मंदावते. मान किंचित वर जाते, नाकपुड्या फडफडू लागतात. शेपूट थांबत नाही, पण खाली उतरते आणि तिचे हेलकावे आखूड होतात. मग तो दिरांची पँट गुडघ्यापासून पावलापर्यंत सावकाश हुंगतो आणि पाहुण्याला द्यावा तेवढाच मान देऊन परत येतो. यजमानांच्या बाबतीत हा हुंगण्याचा सोपस्कार कधीच होत नाही.

सासूबाईंचे म्हणणे असे की मुक्या जनावराला माणसाचा जीव कळतो, त्याला चेहऱ्याची गरज नसते. मला मात्र हे समजून घ्यायचे आहे की लांबून तो फसतो तो कशामुळे, आणि जवळ येताच सावरतो तो नेमका कशाच्या आधारावर. जुळ्या भावांचा रक्तगट एक, खाणेपिणे बहुतांशी एक, मग वासात तरी फरक राहतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

रानवाटा

जुईताई, तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की उत्तराचा अर्धा भाग त्यातच आलेला आहे. मी प्राणिशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माणूस ओळखताना कुत्रा एकाच इंद्रियावर विसंबून राहत नाही. अंतर जसजसे कमी होते तसतसा त्याचा भर एका इंद्रियावरून दुसऱ्यावर सरकत जातो. लांबवर असताना त्याच्या कामी येतात ते आकार आणि हालचाल. कुत्र्याची नजर बारकाव्यांच्या बाबतीत आपल्यापेक्षा बरीच कमी पडते. ढोबळमानाने सांगायचे तर निकोप दृष्टीच्या माणसाला जे 75 फुटांवरून स्पष्ट दिसते, ते दिसण्यासाठी कुत्र्याला 20 फुटांपर्यंत जवळ यावे लागते. त्याच्या डोळ्यांत रंगग्राही पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, पण लाल आणि हिरवा यांच्यात त्याचा गोंधळ होतो. हलणारी गोष्ट टिपण्यात मात्र तो पटाईत असतो. पोलिसांच्या कुत्र्यांवर 1936 मध्ये झालेल्या एका जुन्या चाचणीत, हलणारी वस्तू त्यांतील तरबेज कुत्र्यांना 800 ते 900 मीटरवरून ओळखता आली, आणि तीच वस्तू स्थिर असताना हे अंतर 585 मीटरपर्यंत खाली आले. म्हणजे फाटकाकडे येणारा माणूस गुंड्याला दिसतो तो मुख्यतः उंची, खांद्यांची ठेवण आणि चाल या रूपाने. जुळ्या भावांचे हाडपेर एक आणि बहुधा चालही जवळपास एक, त्यामुळे धावत सुटताना गुंड्याने बांधलेला अंदाज त्या अंतरावरून उपलब्ध माहितीच्या मानाने योग्यच असतो.

त्यानंतर आवाज. बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांद विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांना केवळ ध्वनिमुद्रित आवाजावरून मालक कोणता ते शोधायला लावले, आणि सुमारे 82 टक्के वेळा त्यांनी मालकाची बरोबर निवड केली. मालकाच्या आणि परक्याच्या आवाजात पट्टी आणि खरखर यांचा फरक जास्त असला की त्यांना निवड सोपी गेली. माणूस ज्या इतर बारकाव्यांवरून आवाज ओळखतो, त्यांतले काही त्यांच्या उपयोगी पडले नाहीत. जुळ्या भावांची पट्टी जवळजवळ सारखी असते, म्हणून तुमच्या घरी आवाजही गुंड्याला फारशी साथ देत नसावा.

मग उरते नाक. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी साधारण 50 ते 60 लाख असतात. कुत्र्यात जातीनुसार हा आकडा 20 कोटींच्या पुढे जातो. संख्येइतकीच नाकाची रचनाही महत्त्वाची आहे. हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा श्वास आत-बाहेर करतो. आत घेतलेल्या हवेचा बराचसा भाग सरळ फुप्फुसांकडे जातो, आणि सुमारे 12 ते 13 टक्के हवा नाकाच्या मागच्या बाजूला असलेल्या गंधाच्या कप्प्याकडे वेगळी वळते. बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून तिरकी फेकली जाते, त्यामुळे समोरचा ताजा गंध विस्कटत नाही. नाकपुड्या फडफडताना तुम्ही जे पाहता ते हेच. अजून एक गोष्ट पाहून ठेवा: फाटकाकडून घराकडे वारा असेल, तर गुंड्याची चाल तुम्ही लिहिले आहे त्याहून बरीच आधी मंदावलेली दिसेल.

पावशेर

रानवाटा सरांच्या प्रतिसादाला पावसाळ्यातले उदाहरण जोडतो. रेनकोट आणि हेल्मेट घालून मी दुचाकीवरून उतरलो की माझी स्वतःची कुत्री माझ्यावरच भुंकते, आणि मी तोंडातून शब्द काढला की ओशाळून जमिनीला पोट लावते. रेनकोटमुळे आकार बदलतो आणि ओल्या रबरी कापडाच्या वासाखाली माझा वास बुजतो, असे मला वाटते. शेजाऱ्यांना मात्र यात माझ्या व्यक्तिमत्त्वाविषयी काही सुचवायचे असते.

नाकझाडी

जुईवेल यांचा प्रश्न शास्त्रात दीडशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1875 मध्ये जुळ्यांवर लिहिताना सुचवले होते की, एकमेकांशी अतिशय साम्य असलेल्या जुळ्यांना कुत्रे केवळ वासावरून कितपत वेगळे करू शकतात, याचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. त्यांनी स्वतः तो केला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, 1887 मध्ये, जॉर्ज रोमेन्स यांनी आपल्या सेटर जातीच्या कुत्रीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ते जुळ्यांवरचे नव्हते, पण त्यांची मांडणी मला आजही विलक्षण वाटते. त्यांनी वाडीवरच्या सगळ्या पुरुषांना गोळा केले आणि एकामागे एक असे चालायला लावले. प्रत्येकाने पुढच्याच्या पावलावर नेमके पाऊल टाकायचे होते. एकूण माणसे बारा, सर्वांत पुढे स्वतः रोमेन्स आणि सर्वांत शेवटी शिकारखान्याचा रखवालदार. सुमारे 200 यार्ड गेल्यावर रोमेन्स आणि त्यांच्यामागचे पाच जण उजवीकडे वळले, उरलेले सहा डावीकडे गेले, आणि दोन्ही गट लांब जाऊन लपून बसले. मग कुत्रीला सामाईक मागावर सोडले. मालकाच्या प्रत्येक पाऊलखुणेवर आणखी अकरा जणांचे पाय पडलेले असूनही ती तो माग झपाट्याने काढत गेली, फाट्यावर वेगाच्या भरात थोडी पुढे निघून गेली, आणि मागे येऊन न अडखळता उजवीकडे वळली.

जुळ्यांचा प्रयोग प्रत्यक्षात केला तो लंडनच्या हान्स काल्मूस यांनी, 1955 मध्ये. येथे निकाल दुहेरी आला. एका जुळ्याच्या हाताचा वास देऊन रुमालांच्या ढिगातून त्याचा रुमाल आणायला सांगितले, आणि त्या ढिगात त्याचा रुमालच ठेवला नाही, तर कुत्रा त्याच्या जुळ्या भावाचा रुमाल उचलून आणी. मात्र दोन्ही जुळे जमिनीवरून चालत गेले आणि एकाचा माग काढायचा असला, तर कुत्रा योग्य माग धरू शकत असे. म्हणजे दोन्ही वास एकमेकांच्या इतके जवळचे होते की एक नसेल तर दुसरा चालून जावा, आणि तरीही शेजारीशेजारी ठेवले तर फरक कळावा.

पुढे 1988 मध्ये बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी प्रश्नाची फोड केली. वासातला फरक वंशातून येतो की राहणीतून? त्यांनी जुळ्यांचे अंगातले कपडे वापरले. जुळे एकाच फलित बीजापासून झालेले नसतील, तर एकाच घरात एकाच आहारावर असूनही कुत्र्यांना फरक कळला. एकाच बीजापासून झालेल्या पण वेगळा आहार घेणाऱ्या प्रौढ जुळ्यांमधलाही फरक कळला. एकाच बीजापासून झालेली, एकाच घरातली आणि एकाच आहारावरची तान्ही बाळे मात्र त्यांना वेगळी करता आली नाहीत. त्यावरून बराच काळ असे मानले गेले की वंश आणि राहणी दोन्ही एक असली की कुत्र्याचे नाकही हात टेकते.

हा समज 2011 मध्ये ढासळला. चेक प्रजासत्ताकात लुडविक पिन्ट्स आणि सहकाऱ्यांनी पोलिसांच्या दहा जर्मन शेफर्ड कुत्र्यांना एकाच घरात राहणाऱ्या आणि एकच अन्न खाणाऱ्या जुळ्या मुलांचे वास दिले. वास सुती कापडाच्या तुकड्यांवर घेऊन काचेच्या बरण्यांत ठेवले होते, आणि दोन्ही जुळ्यांचे वास एकाच रांगेत ठेवण्याची सवलतही नेहमी दिलेली नव्हती. दहाही कुत्र्यांनी सर्व फेऱ्यांत अचूक निवड केली. समोर नसलेल्याच्या जागी त्याच्या जुळ्या भावंडाला त्यांनी एकदाही खपवून घेतले नाही.

मग काल्मूस यांची कुत्री आणि ही कुत्री यांच्या नाकांत फरक होता का? संशोधकांचे मत असे की फरक शिकवणुकीचा होता. सर्वांत जवळचा वास चालेल असे समजणाऱ्या कुत्र्याला जुळा भाऊ हे स्वीकारार्ह उत्तर असते. तंतोतंत तोच वास नसेल तर काहीही निवडू नकोस, असे शिकवलेल्या कुत्र्याला ते नसते. म्हणून माझ्या मते या धाग्यात दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत: कुत्र्याला फरक जाणवतो का, आणि आपण त्याला विचारले त्या पद्धतीत तो फरक दाखवणे त्याला आवश्यक वाटले का. गुंड्या दिरांपाशी शेपूट खाली घेतो, म्हणजे त्याने तुम्हाला न विचारताच उत्तर दिले आहे.

जुईवेल

नाकझाडी आणि रानवाटा सर, दोघांचेही मनापासून आभार. पण मूळ शंका उरतेच. वंश एक असेल तर फरक येतो कुठून? यजमान आणि दीर आता वेगळ्या गावी राहतात, त्यामुळे पाणी, साबण आणि स्वयंपाक वेगळा, हे मी समजू शकते. एका घरात वाढणाऱ्या त्या चेक मुलांमध्ये तो कुठून आला?

रानवाटा

जुईताई, घामाला स्वतःचा म्हणून फारसा वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू घाम आणि त्वचेतील स्निग्ध द्रव्ये यांचे विघटन करतात आणि त्यातून उडून जाणारी अनेक रसायने तयार होतात. आपण ज्याला अंगाचा वास म्हणतो तो या मिश्रणाचा. मिश्रणात वंशाचा वाटा मोठा आहे, कारण त्वचेतून काय स्रवते आणि कोणते जीवाणू तेथे टिकतात यावर जनुकांचा प्रभाव असतो. पण जीवाणूंची वस्ती प्रत्येकाच्या अंगावर जन्मापासून वेगवेगळी बसत जाते, आणि एकाच बीजाच्या जुळ्यांतही ती तंतोतंत एक नसते. दोन जावांनी एकाच डब्यातला मसाला घालून आमटी केली तरी घरातल्यांना ती कोणाची हे पहिल्या घासाला कळते, तसे हे आहे. त्यात आजारपणे, औषधे, कोण किती खेळून घामेजला, याची भर पडते. शिवाय हे सर्व त्वचेच्या अतिसूक्ष्म कपच्यांवर बसून सतत गळत असते, म्हणून कुत्र्याला माणूस समोर असण्याचीही गरज लागत नाही.

कोकणकडा

चर्चा चांगली चालली आहे, पण वासाचे माहात्म्य सांगता सांगता चेहऱ्याला आपण अगदीच निकालात काढत आहोत असे मला वाटते. माझा कुत्रा मी खिडकीच्या बंद काचेआड उभा राहिलो तरी मला ओळखतो, आणि तेथे वास पोहोचण्याचा प्रश्नच नाही. फोटो ओळखणाऱ्या कुत्र्यांवरही प्रयोग झालेले आहेत, असे वाचल्याचे स्मरते. यावर कोणी लिहावे.

रानवाटा

कोकणकडा, आक्षेप रास्त आहे. क्योटो विद्यापीठात इकुमा आदाची आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला की कुत्र्याला आधी मालकाचा किंवा परक्याचा आवाज ऐकवायचा आणि लगेच पडद्यावर चेहरा दाखवायचा. आवाज मालकाचा आणि चेहरा परक्याचा, किंवा याच्या उलट, असे झाले की कुत्रे पडद्याकडे अधिक वेळ पाहत राहिले. म्हणजे आवाज ऐकताच त्यांच्या मनात चेहऱ्याची काही अपेक्षा तयार होत होती. व्हिएन्नात लुडविग हुबर यांच्या गटाने 2013 मध्ये मालक आणि घरातलीच दुसरी परिचित व्यक्ती यांच्यातून चेहऱ्यावरून निवड करायला लावली. प्रत्यक्ष माणसे असताना ती पुष्कळांना जमली. छायाचित्रांवर आल्यावर, आणि त्यातही केस व चेहऱ्याची कडा झाकल्यावर, जमणारी कुत्री थोडी उरली, पण उरली. तुमचा कुत्रा खिडकीआडून तुम्हाला ओळखतो ते केस, कान, डोक्याचा घाट आणि हालचाल यांच्या जोरावर ओळखत असण्याचा संभव अधिक आहे.

मेंदूच्या प्रतिमांविषयी अजून एकमत नाही. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या गटाला 2015 मध्ये कुत्र्याच्या मेंदूत चेहऱ्यांना प्रतिसाद देणारा भाग आढळला होता. बुडापेस्टच्या गटाने 2020 मध्ये कुत्र्यांना आणि माणसांना चेहरे व डोक्याच्या मागच्या बाजू अशा दोन्हींच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. माणसांच्या मेंदूत चेहरा आणि पाठमोरे डोके यांतला फरक ठळक उमटला. कुत्र्यांच्या मेंदूत तसा भाग सापडला नाही, आणि समोर कुत्रा आहे की माणूस हा फरक त्यांना जास्त मोलाचा होता. एमरीच्याच ग्रेगरी बर्न्स यांच्या प्रयोगात बारा कुत्र्यांना परिचित आणि अपरिचित माणसांचे व कुत्र्यांचे वास दिले गेले, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित असलेला भाग सर्वाधिक उजळला तो परिचित माणसाच्या वासाला, आणि ती व्यक्ती त्या वेळी खोलीत हजर नव्हती. चेहरा कुत्र्याला कळत नाही असे मी म्हणणार नाही. दोन चेहऱ्यांत सूक्ष्म फरक असेल तर त्यावर तो वेळ दवडत नाही, इतके म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

जुईवेल

गणपतीत दीर येऊन गेले आणि नाकझाडी यांनी व्यक्तिगत निरोपात सुचवल्याप्रमाणे एक साधा प्रयोग केला. दोघांनी रात्री घातलेले बनियन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले, सकाळी मागच्या अंगणात दोन टोकांना पत्र्याच्या डब्यांत टाकले, आणि कोणत्या डब्यात काय आहे हे फक्त सासूबाईंना ठाऊक होते. मी गुंड्याला घेऊन गेले ते मुद्दाम अनभिज्ञ राहून, कारण आपल्या नजरेवरून कुत्रा उत्तर काढतो असे मला बजावण्यात आले होते.

दिरांच्या डब्यापाशी गुंड्याने नाक घालून तीन-चार दमदार श्वास घेतले आणि तो पुढे निघाला. यजमानांच्या डब्यापाशी त्याने एकदाच हुंगले, मग पुढचा पाय डब्यात घालून बनियन ओढून काढले आणि त्यावर चक्क बसकण मारली. डब्यांच्या जागा बदलून पुन्हा केले तेव्हाही तेच झाले. सासूबाईंनी त्यावर एकच वाक्य उच्चारले, ते येथे लिहिण्याची गरज नाही.

नाकझाडी

जुईताई, जर्मनीतील येना येथे युलियाने ब्रॉयर आणि सहकारी यांनी 2021 मध्ये याच्याच जवळचा प्रयोग प्रसिद्ध केला आहे. एकाच घरातल्या दोन मालकांपैकी एकाच्या वासाचा माग जमिनीवर ठेवला आणि मागाच्या टोकाशी कधी तोच मालक, तर कधी दुसरा बसवला. वास एकाचा आणि माणूस दुसराच निघाला, तेव्हा कुत्र्यांच्या वागण्यात फरक पडला. वास हुंगताना कुत्र्याच्या मनात एक विशिष्ट माणूस उभा असतो, याचा हा चांगला पुरावा मानला जातो.

साक्षीपुरावा

मी फौजदारी वकिली करतो आणि या धाग्यातला नाकझाडी यांचा मुद्दा (कुत्र्याला कळणे वेगळे आणि कुत्र्याने ते दाखवणे वेगळे) आमच्या व्यवसायात फार मोलाचा आहे, म्हणून थोडे लिहितो.

महाराष्ट्रातला अब्दुल रजाक मुर्तजा दफेदार यांचा रेल्वे घातपाताचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि त्यात पोलिसांच्या कुत्र्याने काढलेल्या मागाचा प्रश्न उपस्थित झाला. न्यायालयाने 1969 मध्ये यावरचे आक्षेप नोंदवले. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उलटतपासणीला उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या वतीने त्याचा हस्तक (म्हणजे त्याला हाताळणारा माणूस) बोलतो, म्हणजे ती ऐकीव माहितीच ठरते. आणि माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याने काढलेल्या निष्कर्षावर अवलंबून असू नये. विज्ञानाची त्या वेळची स्थिती पाहता असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला सामान्यतः फारसे वजन देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे 2001 मध्ये गाडे लक्ष्मी मंगराजू विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या निकालात न्यायालयाने या पुराव्यातील उणिवा सांगितल्या: हस्तकाने चुकीचे सांगण्याची शक्यता, हस्तक आणि कुत्रा यांच्यात गैरसमज होण्याची शक्यता, आणि स्वतः कुत्र्याची चूक. तपासाला दिशा देण्यासाठी श्वानपथक उपयोगी आहे, यावर मात्र न्यायालयांचा आक्षेप नाही.

युरोपात तर कुत्र्यांकडून ओळख परेड घेतली जात असे. नेदरलँड्समध्ये आरोपीचा वास असलेली नळी रांगेत कुठे ठेवली आहे हे हस्तकाला आधीच ठाऊक असल्याचे 2006 च्या सुमारास उघड झाले आणि अनेक जुन्या प्रकरणांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 18 हस्तकांना त्यांच्या कुत्र्यांसह अशा जागेत नेले, जेथे शोधायचा गंध ठेवलेलाच नव्हता, पण तो असू शकेल असे हस्तकांना सांगितले होते. कुत्र्यांनी इशारा दिल्याचे हस्तकांनी दोनशेहून अधिक वेळा नोंदवले. जुईताईंनी स्वतः अनभिज्ञ राहून डबे ठेवून घेतले, म्हणजे पुरावा गोळा करण्याच्या बाबतीत त्या काही तपास अधिकाऱ्यांपेक्षा पुढे आहेत, असे मी व्यवसायाच्या नात्याने नमूद करतो.

पावशेर

मग जुळ्या भावांपैकी एकाने गुन्हा केला आणि नेहमीच्या डीएनए चाचणीत दोघे एकच आले, तर तेथे कुत्र्याचेच नाक कामी यायला हवे ना? न्यायालयाने तेथे तरी त्याचे ऐकावे.

साक्षीपुरावा

पावशेर, कल्पना आकर्षक आहे, पण अडचण अशी की चेक प्रयोगात वास ताजे, स्वच्छ आणि शास्त्रशुद्ध रीतीने घेतलेले होते. गुन्ह्याच्या जागी पाऊस पडून गेलेला असतो, बघे वावरून गेलेले असतात आणि हवालदाराने चहाचा पेला टेकवलेला असतो. बचावाचा वकील म्हणून मी पहिला प्रश्न विचारीन की या विशिष्ट कुत्र्याला जुळ्यांवर कधी पारखले होते का आणि त्या नोंदी कुठे आहेत.

दोन_पाळणे

मी मेलबर्नला राहते आणि हा धागा रोज वाचते. आम्हाला तीन महिन्यांच्या जुळ्या मुली आहेत, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार त्या एकाच बीजापासून झालेल्या आहेत. आमची लॅब्रॅडोर कुत्री दोन्ही पाळण्यांपाशी जाते, पण एकीचे पाय ती रोज जास्त वेळ हुंगते आणि दुसरीला ओझरते हुंगून पुढे जाते. दोघींची मी जागा बदलून पाहिली, पाळणे बदलून पाहिले, तरी तिची निवड बदलत नाही. हेपर यांच्या प्रयोगात इतक्या लहान जुळ्या बाळांत कुत्र्यांना फरक कळला नव्हता, असे वर लिहिले आहे. मग आमच्याकडे काय घडत असावे?

नाकझाडी

दोघींचे दूध, औषधे आणि अंगाला लावण्याचे तेल अगदी एकच आहे का, ते सांगाल का? आणि कोणा एकीला पुरळ, सर्दी असे काही झाले होते का?

दोन_पाळणे

तेल आणि साबण एकच आहे. आजारी कोणी नव्हते. मात्र धाकटी जन्मतः वजनाने कमी होती आणि तिला ओढायला जमत नव्हते, म्हणून थोरलीला अंगावरचे दूध आहे आणि धाकटीला बरेचसे वरचे, पावडरचे. कुत्री जिचे पाय हुंगते ती धाकटीच.

नाकझाडी

मग हेपर यांच्या प्रयोगातली एकाच आहाराची अट तुमच्या घरी पूर्ण होत नाही, आणि तुमची कुत्री त्यांच्या निष्कर्षाच्या विरुद्ध वागते आहे असे म्हणता येणार नाही. दुधातला फरक बाळाच्या अंगाच्या वासात उतरणे अगदी शक्य आहे. शिवाय पावडरच्या दुधाचे थेंब दुपट्यावर आणि पायमोज्यांवर सांडत असतील, तर तेही तिला ओढून नेत असतील. हे दुसरे कारण वगळायचे असेल तर आंघोळीनंतर दोघींना एकाच धुण्यातले स्वच्छ कपडे घालून, दूध पाजण्याआधी, कुत्रीला दोरीने धरून पाळण्यांजवळ आणावे, आणि त्या वेळी दोरी अशा माणसाच्या हाती असावी ज्याला कोणती मुलगी कोणत्या पाळण्यात आहे हे माहीत नाही. दोघी वरणभात खाऊ लागल्या आणि आहार एक झाला की तोच प्रयोग पुन्हा करून येथे अवश्य लिहावे.